मीटर चालू आहे, ठेवते

तीर्थरूप वन्संना,

माझा नमस्कार. पाया पडते असं लिहिणार होते, पण माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत, तेव्हा पडले असं समजा. तुमची कंबर कशी आहे? शेकायची पिशवी पाठवली होती ती वापरता, का कपाटात ठेवली? (कपाटातच असणार. तुमच्या घराण्यात वस्तू वापरायच्या नसतात, पुसायच्या असतात.) माझी तब्येत बरी. सुईचं नेढं दिसत नाही, लोकांच्या चुका मात्र अजून लांबून दिसतात.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. तर पाकिटाला तिकीट लावलं की झालं. आत चार ओळी लिहा नाहीतर चार पानं भांडा, शब्द मोजायला कोणी बसत नाही. इंटरनेटचं आमच्याकडे तसं राहिलेलं नाही आणि त्याला कारण मीच. कंपनीचा एक माणूस दारात आला. बोलायला असा गोड की मी त्याला पाणी दिलं. म्हणाला, वरच्या मजल्यावरचे पाच जण दिवसभर सिनेमे बघतात, तुम्ही एकट्या, आणि पैसे दोघांना सारखेच, हा कुठला न्याय? आता मला न्याय म्हटलं की काय होतं ते तुम्ही आमच्या लग्नात पाहिलंच आहे. मी म्हटलं, बदल. जेवढं वापरीन तेवढंच भरीन. त्यांनी पाच ताटं खायची आणि मी अर्ध्या पोळीचे तेवढेच मोजायचे, असं का म्हणून? अजूनही सांगते, हिशेब चोख आहे. त्यात खोट काढता येत नाही.

खोट माझ्या स्वभावात निघाली. विजेचं मीटर भिंतीवर असतं, फिरताना दिसतं. नळ गळला तर ऐकू येतं. हे मेलं ना दिसतं ना ऐकू येतं, नुसतं जातं. मग मला सगळीकडून गळतंय असंच वाटायला लागलं. दवाखान्याच्या चादरी शिवताना मी फोनवर गाणी लावून ठेवायची, ती आधी बंद केली. खिडक्या लावल्या. काम नसलं की त्या दिवे लुकलुकणाऱ्या डब्यावर मोठं पातेलं पालथं घालायला लागले. (हसू नका. वरच्या सूनबाईने सांगितलं की ते भिंतीतून बाहेर जातं. म्हटलं, भिंतीतून जातं तर जाऊ दे, पातेल्यातून जाऊन दाखव.) मग जिन्यातले पोस्टमनदादा आठवले. रिटायर झालेले, खालच्या घरात राहतात. सुनेच्या कटकटीला कंटाळून आमच्या तिसऱ्या पायरीवर बसायचे आणि माझ्या इंटरनेटवर कुस्त्या बघायचे. "अरे धर, धर त्याला!" असं ओरडले की माझी शिवण वाकडी व्हायची. मी पासवर्ड बदलला. दोन दिवस ते काळ्या पडद्याचा फोन हातात धरून नुसतेच बसले. तिसऱ्या दिवशी आले नाहीत. शिवण सरळ यायला लागली. एवढी सरळ की बघवेना.

आणि मग बारा तारखेला तुमचा फोन आला, तोंड दिसणारा. आता हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते, कारण कागदावर तुमचं तोंड दिसत नाही. तुम्ही मजेत होता. तुमचा भाऊ नऊ वर्षांचा असताना त्याने डॉक्टरांची सायकल पळवली, तुम्हाला मागे कॅरिअरवर बसवलं, वरून उतार, सायकलीला ब्रेक नाहीत, आणि खाली धोब्याच्या दोरीवर धुतलेले कपडे. तुम्ही दोन्ही हात पसरून दाखवत होता. फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता, तो घसरायचा, मग तुमचं नुसतं कपाळ दिसायचं. मला हसू येत होतं. आणि इकडे डोक्यात ते मीटर गरगरत होतं. तुम्ही म्हणालात, "आणि मग गं, तो मागे वळून मला म्हणाला," आणि मी म्हटलं, "वन्सं, मीटर चालू आहे, ठेवते."

ठेवलाच. मी ठेवला.

त्याला आता पंचवीस दिवस झाले. तुम्ही परत फोन केला नाहीत. बरोबरच आहे, तुमच्या जागी मी असते तर दोन वर्षं केला नसता. मी का केला नाही म्हणाल, तर मीच ठेवल्यावर मीच कशी करू? आणि केला असता तरी माझ्या तोंडून आधी भलतंच निघालं असतं. (कंबरेचं विचारायला जाते आणि भांडण लावून येते. हे म्हणायचे, तू नमस्कारसुद्धा दम दिल्यासारखा करतेस.)

परवा बिल आलं. इतकं कमी की मला वाटलं छापायला चुकले, म्हणून त्यांच्या ऑफिसात गेले. काचेमागे एक मुलगी बसली होती. तिने मला कागदावरचं चित्र दाखवलं. महिन्याच्या तारखा आणि प्रत्येक तारखेवर एकेक काठी, ज्या दिवशी जेवढा वापर तेवढी उंच. माझ्या काठ्या कसल्या, नुसते टाके. एका ओळीत घातलेले, सारखे, बारीक. एकाच तारखेला काठी वरपर्यंत गेलेली. मुलीने त्यावर लाल गोल केला आणि म्हणाली, "मावशी, एवढा एक दिवस टाळलात ना, तर बिल अजून खाली येईल."

वन्सं, ती काठी म्हणजे तुम्ही.

मी तिला काहीच बोलले नाही. (हे वाचून तुम्हाला माझ्या तब्येतीची काळजी वाटेल. वाटू द्या.) घरी आले, कागद मशिनवर ठेवला आणि बघत बसले. एकटं असणं मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण कोणी मोजून, छापून, वर गोल करून हातात दिलं नव्हतं.

असो. तुम्हाला दोष देत नाही, पण यापुढे फोन केलात तर थोडक्यात बोलत जा, एवढंच कळवायला हे पत्र. तुमच्याकडे मोठं कोणी उरलं असेल तर नमस्कार, लहान कोणी ऐकणारं असेल तर आशीर्वाद. पिशवी कपाटातून काढा.

तुमची
भावजय

ता. क. थोडक्यात बोला असं वर लिहिलंय ते खोडणार होते, पण खोडलं तर पान घाण दिसतं. पत्र लिहून झाल्यावर जाऊन पुन्हा जुना प्लॅन घेतला. महिन्याचे ठरलेले पैसे, कितीही वापरा. वरच्यांच्या सिनेमांचे पैसे मी भरते असं समजा, मरू दे. पातेलंही काढलं, भात लावायला लागतंच. तुमच्यासाठी केलं असं मनात आणू नका. गाण्यांशिवाय चादर शिवली की चादरच दिसते समोर, दुसरं काही नाही.

ता. क. दुसरा. पोस्टमनदादांना नवा पासवर्ड नेऊन दिला. त्यांनी फोनकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्या हातातलं हे पाकीट घेऊन तळहातावर तोललं आणि म्हणाले, "एका तिकिटात जाणार नाही हो बाई, वजन झालंय." म्हणजे पाकिटालाही मीटर आहे. मला आधी कोणी सांगितलं नाही.

ता. क. शेवटचा. ह्यांच्या हनुवटीखाली खूण होती. मला लग्नानंतर सांगितलं की कुत्र्याने झडप घातली. सव्वीस वर्षं मी त्या कुत्र्याला शिव्या घातल्या. आता मला वाटतं, कुत्रा नव्हता, सायकल होती. माणूस जाऊन तीन वर्षं झाली की त्याच्याबद्दल नवीन काही कळत नाही, जुनंच धुऊन धुऊन वापरावं लागतं. हे एक नवीन होतं आणि मी ते मध्येच कापलं. मागे वळून तो काय म्हणाला, तेवढं सांगा. पत्रात नको, पत्रात तुमचे हात दिसत नाहीत. फोन करा. फोन घसरला तरी चालेल, कपाळ दिसलं तरी चालेल. आणि या वेळी मी ठेवणार नाही, तुम्ही ठेवा.