मिशीतला प्रसाद

अल मनखूल, दुबई
गुरुवार

तीर्थस्वरूप अण्णा यांस,
धाकट्या दिगंबरचा इथूनच वाकून नमस्कार.

दत्तकृपेने आम्ही इथे बरे आहोत. तुमची तब्येत विचारणार होतो, पण तुम्ही 'ठणठणीत' असं लिहाल आणि माझा प्रश्न वाया जाईल. म्हणून माझ्याच तब्येतीचं लिहितो. (वहिनींचा शोभनाला फोन आला होता. त्या फक्त पावसापाण्याचं बोलल्या. फोन ठेवल्यावर शोभना डोळे का पुसत होती, मला माहीत नाही.)

मी मोठ्या आतड्याची तपासणी करून घेतली. मागच्या बाजूने एक नळी आत घालतात, तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. मला त्रास काहीच नव्हता, भीती मात्र भरपूर होती. वैभवी म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ कॅमेरा." स्वतःचा पासपोर्टचा फोटो बिघडला म्हणून ही मुलगी जेवली नव्हती, पण बापाच्या फोटोबाबत तिचं मन फार मोठं आहे.

आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध तांब्या तांब्याने प्यायचं असतं. लिंबाच्या सरबतात कोणी समुद्र ओतावा, तशी त्याची चव. मग मी संडासात बसून नामस्मरण केलं. (शोभना बाहेरून ओरडली, "अहो, तिथे देवाचं नाव घेतात का?" मी म्हटलं, "दुसरीकडे कुठे बसता येत नाहीये, काय करू?") अन्नाचा कण पोटात गेला नाही. सकाळी गुरुवारची पूजा केली आणि निघालो.

दवाखान्यात अजरा नावाच्या नर्सने विचारलं, "भाईसाब, कुछ खाया?" मी छातीवर हात ठेवून "कुछ नहीं" म्हणालो. मग भूल देणारे डॉक्टर अर्सलान आले. त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "हबीबी, ये मूंछ में क्या है?" हात लावून पाहिला, तर शिऱ्याचा रवा. मी म्हटलं, "प्रसाद है." ते म्हणाले, "तो खाया ना?" मी म्हटलं, "नहीं जी, प्रसाद लिया है." अण्णा, तुम्हीच सांगा, आपल्यात नैवेद्याच्या शिऱ्याला जेवण कोण म्हणतं? अर्सलानसाहेब पोट धरून हसले. म्हणाले, "मेरी अम्मी भी नियाज़ को खाना नहीं मानतीं. पर पेट को कौन समझाए? खलास, अगले हफ्ते आओ." (नियाज़ म्हणजे त्यांच्यातला प्रसाद.) म्हणजे तो समुद्र मी दोनदा प्यायलो. त्या आठवड्यात दत्तमहाराजांशी मी थोडं कमीच बोललो.

दुसऱ्या वेळी बाकावर आम्ही तिघे होतो, तिघांच्याही अंगात पाठीमागून उघडे झगे. एक इंग्रज साहेब, एक घानाचा उंच सुरक्षारक्षक आणि मी. इतकी समता मी कुठल्या सभेतही पाहिली नाही. तिघेही भिंतीला पाठ चिकटवून. साहेब कशासाठी आले होते? पन्नाशीचा वाढदिवस झाला म्हणून. त्या देशात अशी पद्धत आहे म्हणे. रक्षकाला बरेच महिने रक्त पडत होतं. कोणी गॅस म्हणालं, कोणी तिखट सोड म्हणालं, आणि लांब अजमान शहरातल्या खोलीवरून निघून इथे यायला सुट्टी मिळत नव्हती. साहेब वर्तमानपत्र वाचत होते. रक्षक आपले तळहात बघत होता.

आत डॉक्टर नबिला होत्या, सुदानच्या, आवाज अगदी हळू. मी विचारलं, "मॅडम, गोऱ्या माणसाचं आतडं वेगळं असतं का?" त्या म्हणाल्या, "अंदर से सब गुलाबी." मग म्हणाल्या, अमेरिकेत आतड्याचा कॅन्सर झाला तर काळी माणसं गोऱ्यांपेक्षा कमी जगतात. याचं मोठं कारण रक्तात नाही, वाटेत आहे. कोण वेळेवर पोहोचतं, कोणाचं म्हणणं ऐकलं जातं, कोणाला पूर्ण औषध मिळतं. लवकर सापडला तर बहुतेक माणसं बरी होतात. हे ऐकता ऐकता हाताच्या शिरेतून काहीतरी थंड वर चढलं आणि मी विरघळलो.

अण्णा, ती झोप काय सांगू. कोणीतरी निरांजन घेऊन गाभाऱ्यात चाललं होतं, आणि तो गाभारा मीच होतो. भिंती ओल्या, गुलाबी, शांत. पुढे गेल्यावर आपल्या मळ्यातली विहीर लागली. आत तुम्ही, हाफ पँटीत. पाणी किती आहे ते बघायला आधी उडी तुम्हीच टाकायचात आणि खालून ओरडायचात, "ये रे दिग्या, खडक नाही!" मगच मी नाक धरून उडी घ्यायचो. स्वप्नात मात्र तुम्ही काठावर उभे होतात आणि मी पाण्यात.

जागा झालो तर अजराबाई चहा घेऊन उभ्या. आत मोहरीएवढा मांसाचा एक कोंब निघाला, तो नबिला मॅडमनी तिथेच काढला. राहिला असता तर पुढे कदाचित वाईट झाला असता. त्या रक्षकाचं काय निघालं कळलं नाही. नावही विचारायचं राहिलं. रोज दिवा लावताना 'तो घानाचा' एवढंच म्हणतो. देवाला कळत असेल.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
दिगंबर

ता. क. : शोभनाला कैरीचं लोणचं हवं आहे. त्यासाठीच हे पत्र.

ता. क. दुसरा : लोणचं नको. वहिनी पावसापाण्याचं बोलल्या नाहीत. दिवाळीपासून रक्त पडतंय आणि तुम्ही मूळव्याध म्हणून चूर्ण फाकताय, हे त्या रडत सांगत होत्या. त्यांच्यावर रागावू नका. शैलेंद्र मंगळवारी गाडी घेऊन दारात येईल. तुमचा मुलगा असला तरी या बाबतीत तो माझं ऐकणार आहे. कोल्हापूरच्या डॉक्टरांची वेळ ठरली आहे.

ता. क. तिसरा : स्वतः न बघता तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगणार होतो? म्हणून या वेळी आधी उडी मी टाकली. आता खालून ओरडतोय. अण्णा, या. खडक नाही. आणि मंगळवारी प्रसाद वहिनींकडे द्या, परत येताना गाडीत घ्या.