मागचे दार

ता. ४ ऑक्टोबर

ति. ताईस,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम, वि. वि.

उत्तराला उशीर झाला. रागावली असशील. रागाव, पण वाच.

ताई, मी दमले आहे. एवढे एक वाक्य लिहायला दोनदा कागद फाडावा लागला, कारण पाळकाच्या बायकोने दमायचे नसते. आमच्या मागच्या दाराची रीत तुला ठाऊक आहे. उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत त्याला कडी लावायची नाही, असे इथे पहिल्या पाळकापासून चालत आले आहे. चर्चच्या मंडळीतले कोणी दार वाजवत नाही. सरळ आत येतात, खुर्ची ओढतात आणि सुरू होतात. सकाळी कुणाची रुसलेली सून, दुपारी कुणाचा प्यायलेला भाऊ, मधल्या वेळात कुणाचे तरी मूल सांभाळायला. हे सगळ्यांना प्रेमाने या, बसा म्हणतात आणि स्वतः प्रवचन लिहायला वर जातात.

आणि गेटमन! रेल्वेच्या फाटकावर उभा जन्म काढलेला म्हातारा. बायको गेली, मूलबाळ नाही. कित्येक वर्षे रोज सकाळी येतो आणि शेगडीजवळची खुर्ची धरतो. चहा पाणचट आहे असे म्हणत दोन कप पितो. परवा चार बायकांदेखत म्हणाला, की पाळकीणबाईंचा हात साखरेला आखडतो तसा पाळकसाहेबांचा प्रवचनाला आखडता तर बरे झाले असते. सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि आत जाऊन नळ सोडून रडले.

याहून वाईट ते पुढेच आहे. कित्येक महिन्यांत माझ्याकडून प्रार्थना झालेली नाही. डोळे मिटते, ओठ हलवते, पण पलीकडे कोणी ऐकते आहे असे वाटत नाही. दर रविवारी सगळ्यांबरोबर म्हणते, देवावर प्रीती कर, शेजाऱ्यावर प्रीती कर. शेजारी तर स्वयंपाकघरात येऊन बसला आहे. देव मात्र केव्हा उठून गेला ते कळलेसुद्धा नाही.

मला तुझ्याकडे यायचे आहे. परत जाणार का, हे आत्ता विचारू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस. उपदेश करायचाच असेल तर अगदी शेवटी कर, म्हणजे तिथवर वाचायचे की नाही ते मला ठरवता येईल.

तुझी,
धाकटी


ता. १२ ऑक्टोबर

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

उपदेश नाही. व्यवस्था कळवते.

तू इथे आलीस तर दोन दिवसांत उठून परत जाशील, कारण तिकडे चहा कोण करतो आहे या विचाराने तुझा डोळा लागणार नाही. म्हणून तू इथे ये आणि मी तिथे जाते. सहाशे मुलींची शाळा चालवलेल्या बाईला एक मागचे दार चालवता येऊ नये, असे काही नाही. तुझ्या पाळकबुवांना तसे लिहिलेही. त्यांचे चार पानी उत्तर आले, त्यात पाच वचने आहेत आणि होय की नाही ते कुठेही नाही. मी होय धरून चालले आहे.

माझ्या घरी तुला कोणी छळणार नाही. वरच्या मजल्यावरच्या बाई आणि मी जिन्यात मान हलवतो, तेवढा संबंध पुरतो. माझे देवाशी चांगले जमते. माणसांशी जमवायचे काम नोकरी होती तोवर पगार घेऊन केले.

किल्ली स्टेशनावर तुझ्या हातात देईन. सामान कमी आण. दुसऱ्यांची दुखणी तर अजिबात आणू नकोस.

आशीर्वाद आहेतच, त्याहून जास्त काळजी आहे.

तुझी,
ताई


ता. २४ ऑक्टोबर

चि. सौ. धाकटीस, अ. आ., वि. वि.

तुझे घर म्हणजे घर नव्हे, प्रतीक्षालय आहे. पहिल्या दिवशी एक अनोळखी बाई माझ्यासमोर बसून अर्धा तास नवऱ्याबद्दल बोलली आणि जाताना मी कोण असे विचारून गेली.

मी दाराला कडी लावली आणि बाहेर वेळापत्रकाची पाटी अडकवली. भेटीची वेळ चार ते सहा. एका वेळी एकच माणूस. रडायचे असल्यास आधी कळवावे, असेही लिहिणार होते, पण बुवांनी हात जोडले. मंडळी कुरकुरली आणि मग वळणावर आली. निम्म्यांची दुखणी चार वाजेपर्यंत आपोआप बरी होतात, हे तुला कोणी सांगितले नव्हते का?

सगळ्यांत शिस्तीचा निघाला तो तुझा गेटमन. पहिल्या सकाळी पाटीसमोर उभा राहिला, एकेका ओळीखाली बोट फिरवून वाचली आणि मुकाट्याने मागे फिरला. आता चारच्या ठोक्याला येतो आणि सहाला उठतो. काल सहा वाजून गेल्यावरही बोलत बसला होता, त्याला मी चांगले झापले. टोपी घातली आणि निघून गेला.

बुवांना कप विसळायला शिकवते आहे. दोन कानतुटे झाले. जेव. झोप.

तुझी,
ताई


ता. ३० ऑक्टोबर

ति. ताईस, प्रभूमध्ये सलाम, वि. वि.

मी झोपते. उठते, कूस बदलते आणि पुन्हा झोपते. तुझ्या घरात देव आहे असे तू नेहमी म्हणतेस, म्हणून शोधला. तो सापडला नाही, झोप सापडली. सध्या तिच्यावरच भागवते आहे.

गेटमन पाटी पाळतो हे वाचून थक्क झाले. माझे तर त्याने कधी एक अक्षर ऐकले नाही. मी लिहून द्यायला हवे होते.

यांचे पत्र आले. काड्यापेटी कुठे असते असे विचारले आहे, आणि शेवटी एक ओळ, की घर घरासारखे वाटत नाही. मी ते उलटे करून ठेवले आहे. परतीचा विचार आला की छातीवर कोणी बसल्यासारखे होते, ताई. दिवस सरत चालले म्हणून घाई करू नकोस. कदाचित मी येणारच नाही. हे लिहून टाकले म्हणून मला जरा हलके वाटते आहे, याचीही लाज वाटते.

जीव लाव, आवाज चढवू नकोस.

तुझी,
धाकटी


ता. ८ नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस, आशीर्वाद, वि. वि.

वाईट बातमी आहे, पण माणूस जिवंत आहे, हे आधी लिहिते.

मंगळवारी सकाळपासून पाऊस आणि बोचरा वारा होता. गेटमन सकाळीच आला आणि मागच्या पायरीवर दाराकडे पाठ करून बसला. मी खिडकीतून पाहिले. मला वाटले, झापल्याचा राग धरून हटून बसला आहे. म्हटले, बसू दे, कोण आधी दमतो ते पाहू. असल्या किती मुली मी सरळ केल्या आहेत. मी पडदा ओढून घेतला, धाकटे.

चारला दार उघडले तर तो उठेना. अंगावरचे कपडे निथळत होते आणि अंग तव्यासारखे तापले होते. ताप सकाळपासूनच होता. घरी पाणी द्यायलाही कोणी नाही, म्हणून तो आपल्याकडे आला होता. दवाखान्यात न्यूमोनिया म्हणाले. दोन दिवस काही सांगता येत नव्हते.

शुद्धीवर आल्यावर बुवांनी त्याला विचारले, की निदान दार तरी का नाही वाजवलेस. तो म्हणाला, बंद फाटक त्याने जन्मात ओलांडले नाही. ज्यांनी ओलांडले त्यांना रुळावरून गोळा करायला त्यालाच जावे लागायचे. एवढे बोलून भिंतीकडे तोंड केले. बुवा तिथेच खुर्चीवर बसून राहिले. त्यांना एकही वचन सुचले नाही, आणि त्या दिवशी मला ते प्रथमच आवडले.

पाटी काढून जाळली. कडी काढून टाकली. माझ्याच्याने हे होणार नाही. तू ये.

ताई


ता. १३ नोव्हेंबर

ति. ताईस, सलाम, वि. वि.

पत्र वाचले आणि बॅग भरली. मग बॅगेवरच बसून राहिले आणि संध्याकाळी सगळे कपडे पुन्हा कपाटात ठेवले.

खरे ते लिहिते. मला रडू आले नाही. आधी चीड आली, की मी चार दिवस डोळे मिटले तर तेवढ्यातही याला आजारीच पडायचे होते! त्या चिडीची मला भीती वाटली. आत्ता आले तर कान धरून आणल्यासारखी येईन, आणि मग त्या म्हाताऱ्याचा सूड घेत राहीन. चमचा आपटून, उशी जोरात ओढून. तसे मी करत आले आहे, कोणाला दिसले नाही इतकेच. प्रीती म्हणतात ती माझ्यात उरलेली नाही.

त्याला घरी आणलेत तर वरच्या खोलीत ठेवू नका, खाली ठेवा. त्याला गाड्यांचा आवाज ऐकू आला नाही तर तो बेचैन होतो. त्याच्याशी डाव्या बाजूने बोल, उजव्या कानाने ऐकू येत नाही, पण तसे तो कबूल करणार नाही. चहा कपात देऊ नकोस. हात कापतात, सांडला की आधी तुलाच शिव्या देईल. मोठ्या पेल्यात अर्धाच दे आणि पाठ फिरव. कसे वाटते असे विचारू नकोस. कोणती गाडी उशिरा गेली ते विचार.

मला माफ कर. येत नाही.

तुझी,
धाकटी


ता. २१ नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस, अनेक आशीर्वाद, वि. वि.

त्याला घरी आणले. खाली ठेवले. तू लिहिलेस तसे सगळे केले आणि ते सगळे लागू पडले. तुझ्यात प्रीती उरली नाही हे तू पानभर लिहितेस आणि लगेच खाली त्याचा पेला किती भरायचा ते सांगतेस. यावर मी भाष्य करणार नाही, उपदेश नाही असा शब्द दिला होता. पण संडे स्कूलमध्ये इतकी वर्षे मी प्रीती शिकवली, मुली पैकीच्या पैकी गुण घेऊन गेल्या, आणि पडद्याच्या पलीकडे कोण बसले आहे ते मला कळले नाही.

तो गोड झालेला नाही. माझ्या हातचा चहा तुझ्याहून पाणचट आहे, असे त्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले आहे. काल त्याचे अंग पुसताना त्याने माझा हात झटकला. मी टॉवेल बादलीत फेकला आणि बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले. मला तो आवडत नाही. पुढेही आवडेल असे दिसत नाही. थोड्या वेळाने आत गेले, कारण पाणी गार होत होते. दुसरे कोणतेही कारण नव्हते.

म्हणून तुला विचारते, टोमणा समजू नकोस. आत काही शिल्लक नसताना तू इतकी वर्षे हे कसे केलेस? विश्वासाने करावे असे आपण म्हणतो. पण विश्वासच वाटत नसेल त्या दिवशी माणूस काय करतो? बुवांना विचारले तर ते पुस्तक उघडतील. तू सोडून दुसऱ्या कोणाला हे विचारायची मला लाज वाटते.

बाकी बरे. जिना चढताना मधे एकदा थांबावे लागते आणि डावा हात जड होतो. वयाचे आहे. काळजीसारखे नाही.

तू येण्याबद्दल आता काही म्हणत नाही. हवे तितके राहा. घर तुझेच समज.

तुझी,
ताई


ता. २५ नोव्हेंबर

ति. ताईस, प्रभूमध्ये सप्रेम सलाम, वि. वि.

डावा हात जड होतो आणि ते काळजीसारखे नाही? सहाशे मुलींपैकी एकीने असे सांगितले असते तर तू तिला अशीच घरी पाठवली असतीस का? उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा. यांना बरोबर ने. वचने ऐकावी लागली तर ऐक.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला येत नाही. मीही पाणी गार होते म्हणूनच आत जात असे. त्याला विश्वास म्हणतात का, ते देवाला ठाऊक. मला एवढेच कळले आहे, की एकट्या माणसाने ते करू नये. आपण दोघींनी एकेकटीने करून पाहिले आणि काय झाले ते समोर आहे.

शनिवारी येते. दुपारी मी झोपणार. यांनी प्रवचन खाली स्वयंपाकघरात बसून लिहायचे आणि येणाऱ्याला पाणी द्यायचे. आलेच तर असे, हे यांना मागच्या आठवड्यातच कळवले होते. एका ओळीचे होय आले, वचनाशिवाय, म्हणून त्यावर माझा भरवसा बसला. आणि तू लगेच निघायचे नाहीस. आपण दोघी राहू. गेटमनला मी येते आहे असे सांग. तो तोंड वाकडे करील, करू दे.

आता एक सांगते, त्यावर तू काही लिहू नकोस. तुझे पत्र वाचून मी तुझ्या पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणत राहिले, की हिला काही होऊ देऊ नकोस, हट्टी आहे, कोणाचे ऐकत नाही, तुझेसुद्धा ऐकणार नाही, पण हिला सांभाळ, मला दुसरे कोणी नाही. असे किती वेळ म्हणत होते कोण जाणे. खाली रस्त्यावर दुकानांची दारे ओढल्याचा आवाज आला, तेव्हा भानावर आले, आणि मग लक्षात आले की मी कोणाशी तरी बोलत होते.

लोभ आहे तो प्रत्यक्षात बघेन. मला घ्यायला स्टेशनावर येऊ नकोस, तिथे जिना आहे.

तुझीच,
धाकटी