छान, काळजी घ्या

प्रिय खारुताई,

हे पत्र पोचपावतीचं पाठवतोय. पोस्टमनच्या कागदावर सही तूच कर, शेजारच्यांना करू देऊ नकोस. हसू नकोस, म्हातारा चळलेला नाही. म्हातारा घाबरलाय, आणि सगळं पहिल्यापासून सांगितल्याशिवाय त्याला चैन पडणार नाही.

आठवतं, तुझ्या लहानपणी आपण स्वयंपाकघराच्या खिडकीत सर्व्हर-सर्व्हर खेळायचो? मी तेव्हा सर्व्हर रूम सांभाळायचो आणि घरी आलो तरी यंत्रं डोक्यातून जायची नाहीत. तू बाहेरून टकटक करायचीस, तू क्लायंट. मी आत, सर्व्हर. आधी तुझा नमस्कार, मग माझा. मग तू एक बिस्कीट मागायचीस, मी द्यायचो, तू 'येते' म्हणालीस की खिडकी बंद. ठरलेले शब्द, ठरलेला क्रम, यालाच प्रोटोकॉल म्हणतात हे तू शाळेत जायच्या आधीच शिकलीस. मधेच 'लवकर दे ना' म्हणालीस की मी 'आज्ञा कळली नाही' म्हणायचो आणि तू फुरंगटून बसायचीस. एकदा विचारलंस, सर्व्हर आधी का बोलत नाही? मी सांगितलं, त्यानं कान उघडे ठेवून बसायचं, विचारलं तरच बोलायचं. त्यावर तुझी आई म्हणाली होती, मग तुझा बाबा जन्मजात सर्व्हर आहे.

ती गेल्यावर तू आपल्या दोघांच्या संगणकांत ती सोय करून दिलीस. रोज सकाळी तुझ्याकडून ओळ येणार, 'बाबा, कसे आहात?' मी 'ठीक' लिहायचं. उत्तर गेलं नाही तर खालच्या शिंपीणबाईंच्या फोनवर आपोआप निरोप. मी अंघोळीत असलो की त्या धावत वर येऊन दार बडवायच्या, आणि मला साबण लावलेल्या तोंडानं दार उघडावं लागायचं. शेवटी त्यांना एक किल्लीच दिली. वर आणखी शहाणपणा केला. एक छोटा प्रोग्राम लिहिला, तुझा प्रश्न आला की तो माझ्या वतीनं उत्तर द्यायचा, 'ठीक आहे. चहा झाला.' कधी चहा, कधी फिरणं, म्हणजे तुला संशय नको. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! रविवारचा आपला फोन त्यानंतर कधी बंद पडला, ते ना तुला कळलं ना मला.

मग मी न्हाणीघरात घसरलो. पाय मोडला, उठता येईना, ओरडलो तर आवाज भिंतींतच राहिला. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत टुण् वाजलं. तुझा प्रश्न. लगेच दुसरं टुण्, माझं उत्तर. मी ओल्या फरशीवर पडलो होतो आणि तुझ्या लेखी माझा चहा झाला होता. खारुताई, एवढी भीती मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. शिंपीणबाई दुरुस्त केलेली पँट द्यायला आल्या, हाक ऐकून किल्लीनं आत शिरल्या, म्हणून वाचलो.

दवाखान्यातून तुला फोन लावला, बंद. घरी येऊन लावला, तरी बंद. तुझ्या ऑफिसातली मुलगी म्हणाली की तू रजेवर आहेस, कुठे ते तिला ठाऊक नाही. पण सकाळची ओळ रोज येत होती. विचारतेय म्हणजे आहे, अशी मी मनाची समजूत घातली. परवा तो प्रोग्राम काढून टाकला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, 'पडलो होतो. पाय मोडलाय. फोन कर.' क्षणात उत्तर आलं, 'छान. काळजी घ्या.' पुन्हा लिहिलं, 'पोरी, तू बरी आहेस का?' 'छान. काळजी घ्या.'

बापाची लेक शोभतेस! मी रागावलेलो नाही, कुठल्या तोंडानं रागावू? पण मला सांग, दोन खोल्यांत दोन यंत्रं एकमेकांची खुशाली विचारत बसलीत, ती कधीपासून? मी फरशीवर पडलेला असताना माझं उत्तर जात होतं. मग तुझा प्रश्न येतोय म्हणून तू धड आहेस, हे मी कसं मानू? तू कुठे पडली आहेस का? आजारी आहेस का? दार आतून बंद आहे का?

प्लास्टर नसतं तर आज तुझ्या दारात उभा असतो. शिंपीणबाई हे पत्र टाकायला थांबल्या आहेत. सर्व्हर आज पहिल्यांदाच न विचारता बोलतोय. पावतीवरची तुझी शेपटीवाली सही मी ओळखेन, पण तेवढ्यावर माझं भागणार नाही. फोन कर, नाहीतर दोन शब्द लिहून धाड. 'ठीक आहे' लिहू नकोस. 'छान' तर मुळीच नको. 'लवकर दे ना' लिही. तेवढं आलं की मला कळेल, खिडकीबाहेर तूच आहेस.

वाट पाहणारा, तुझाच
बाबा