अकरा मिनिटांचा अहवाल

३ मार्च, मंगळवार
मी रोजनिशी लिहिणाऱ्यांतली नाही. पण आज जे झालं ते दोन पानी अहवालात मावेना, म्हणून लिहिते आहे.

थेट प्रक्षेपणात निवेदिका बोलली आणि ओठ मागाहून हलले. अकरा मिनिटं! सव्वीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं. आमचे कॅमेरे, माइक सगळे नेटवर्कवर. मुख्य घड्याळ एकच, उपग्रहावरून वेळ घेणारं. स्विच, म्हणजे सगळ्या केबली जिथे येऊन मिळतात ते डबे, तीच वेळ सगळ्यांना पोचवतात. प्रत्येक यंत्राला मानाचा क्रमांक दिलेला; ज्याचा सर्वांत लहान ते मुख्य. लहान क्रमांकाचं दुसरं कुणी मध्ये घुसलं, की सगळे मुकाट त्याच्या मागे!

धावत गेले. दुपारपासून जोडलेल्या सगळ्या जादा केबली उपटल्या. तेव्हा ताळ्यावर आलं. त्यांत एक साउंडवाल्याच्या नव्या मिक्सरची होती. आम्ही त्याला मौनी म्हणतो — कानांवर हेडफोन, तोंडातून शब्द नाही.

"तुझाच प्रताप!" सगळ्यांदेखत म्हणाले. त्याने हेडफोन गळ्यात उतरवले आणि उपटलेली केबल गुंडाळू लागला.

४ मार्च
अहवाल दिला. साहेबांनी मौनीला घरी बसवलं. "पुढच्या आठवड्यात कायमचाच निकाल लावू."

जेवताना हे म्हणाले, "त्याचं ऐकून तरी घेतलंस का?"

"तुम्ही जेवा," म्हटलं.

६ मार्च


अहवालाला जोडायला म्हणून लॉग, यंत्रांची आपोआप होणारी नोंद, काढला. आज! दुसऱ्यांना मीच दटावते — आधी लॉग बघा, मग तोंड उघडा. मिक्सरचं नावच नाही त्यात. नाव आहे माझ्या जुन्या स्विचचं.

मुख्य घड्याळ बंद पडलं तर काय होतं, हे बघायला गेल्या वर्षी मीच त्याला क्रमांक एक दिला होता. चाचणी झाली, सेटिंग तसंच ठेवून स्विच कपाटात टाकला. मंगळवारी दुपारी केबली खोचायला पोर्ट कमी पडले, तेव्हा मीच काढला, मीच जोडला. उपग्रहाशी संबंध नाही, वेळ आपल्या मनाची — आणि अख्खा स्टुडिओ त्याच्या तालावर!

मी. दुसरं कुणी नाही.

७ मार्च
साहेबांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. "बाई, निवृत्तीला वर्ष राहिलंय तुमचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. लॉग महिन्याभरात आपोआप पुसला जातो."

मी उठून आले.

तिथून थेट मौनीच्या घरी. त्याच्या बायकोने दार अर्धंच उघडलं. तो मागून आला. सगळं सांगितलं. त्याला नवल वाटलं नाही.

"मिक्सरला नुसती केबल लावली होती, ताई. चालू कुठे केला होता?"

"मग त्याच वेळी बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

बायको आतून म्हणाली, "चहा टाकू की नको?" तो म्हणाला, "टाक. दोन."



१२ मार्च
मुख्य कार्यालयात दिलं: माझ्या सहीचा दुसरा अहवाल, लॉगची प्रत, राजीनामा.

इथे, स्टुडिओत दिलं: तो स्विच, सेटिंग न बदलता. सगळ्या स्विचचे पासवर्ड, बंद पाकिटात. कपाटाच्या किल्ल्या, दोन. ओळखपत्र.

घेणाऱ्याची सही — मौनी, मुख्य कार्यालयाच्या फोनवरून आजच कामावर परत बोलावलेला. पाकीट माझ्यासमोर फोडून, एकेक पासवर्ड चालवून पाहिला, मग केली.