पिशवी काढण्यापूर्वी

बोरफळवाडी, ता. लोहारा
४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. शिवलीला हिस शिवगंगाआत्याचे अनेक आशीर्वाद.

फोन केला असता, पण आपल्या घरात फोन म्हणजे स्पीकर. सगळी गल्ली ऐकते. म्हणून ही रिटायर बाई पुन्हा लिहायला बसली.

माझ्या नंदीशच्या बायकोची, मोनिकेची, कंबर दुखते, अंगावरून पांढरं जातं. एका खाजगी डॉक्टरनं दोन मिनिटं सोनोग्राफी बघितली आणि पिशवी खराब आहे, काढा, नाहीतर कॅन्सर होईल म्हणून सांगितलं. एकवीस तारीख ठरली. पोरगी अठ्ठावीस वर्षांची आहे. नंदीश म्हणतो, दोन लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम? मला घास गोड लागत नाही. तू अठरा वर्षं तालुक्याला बाळंतपणं केलीस आणि आता मुंबईत आरोग्य खात्यात बसून नुसते कागद काढतेस. त्यातला एखादा मोनिकेच्या उपयोगाचा असेल तर कळव.

आत्याची आठवण कामापुरती तरी ठेवावी.
तुझी, शिवगंगाआत्या

मुंबई
१० नोव्हेंबर २०२५

ती. शिवगंगाआत्यांना शि. सा. न. वि. वि.

टोमणा पोचला. ऑपरेशन करू देऊ नका! आधी सरकारी दवाखान्यात दाखवा. नंदीशला मी फोन केला होता. ताई, तू तुझी कागदं बघ, घरातलं आमी बघतो, एवढं बोलून त्यानं ठेवला. मला फार राग आला आणि रडूही आलं.

पण कागद निघाला आहे, आत्या. साहेबांना त्यात ‘गर्भाशय-उच्छेदन’ हवं होतं. आमच्याकडच्या बाया हा मंत्र समजून हात जोडतील, असं मी म्हणाले आणि दोन महिने भांडून आपला शब्द घालून घेतला. ‘कोणत्याही महिलेने पिशवी काढण्यापूर्वी सरकारी डॉक्टरांचे लेखी मत घेणे बंधनकारक आहे.’ सगळ्या ग्रामपंचायतींना गेला आहे. आता कुणाची चूक व्हायला जागा नाही.

भाचीवर माया आहे तशी राहू द्यावी.
आपली, शिवलीला

बोरफळवाडी
२२ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. शिवलीलास अनेक आशीर्वाद.

जागा नव्हती तरी चूक झाली. तुझा कागद आमच्या पंचायतीत प्लास्टिकबंदीच्या कागदाला टाचून आला. ग्रामसेवक विरुपाक्षनं दोन्ही सलग वाचले आणि भोंग्यावरून पुकारलं, की बायांनी डॉक्टरच्या सहीशिवाय पिशवी काढायची न्हाय. मंगळवारच्या बाजारात तो स्वतः उभा. बायांनी वांगी पदरात नेली. पुरुषांना मोकळीक, कारण कागदात फक्त महिला आहे. नागूबाईनं विचारलं, म्या तर घरातच खुंटीवरची काढली, आता कसं? तिला त्यानं लेखी खुलासा मागितला.

काल मोनिका कपड्यांची पिशवी घेऊन जीपपाशी गेली, तर हा आडवा. नंदीश भडकला. आमी पिशवी काढायलाच चाललोय, असं चारचौघांत ओरडला. विरुपाक्ष म्हणाला, मग तर सही पायजेच, आणि जीपच्या चाकापुढं बसला. माणूस हलेना. शेवटी ही दोघं सहीसाठी सरकारी दवाखान्यात गेली.

तिथली डॉक्टर सृष्टी आधी पोट धरून हसली, मग विचारलं, नेमकी कुठली पिशवी? मोनिकेला रडू फुटलं. अर्धा तास तपासून तिनं सांगितलं, जंतूंची सूज आहे, कॅन्सरबिन्सर काही नाही. गोळ्या दिल्या, नवरा-बायको दोघांना. नंदीश आता माझ्यासमोर गोळी घेतो आणि माझ्याकडं बघत नाही. मोनिका आज किती दिवसांनी पोटभर जेवली.

तुमच्या खात्याचा खुलासा येणार म्हणे, पिशवी म्हणजे गर्भाशय असा. तो अडवता आला तर अडव. हसतात तर हसू देत.

एक तुला कधी सांगितलं नाही. माझी सव्विसाव्या वर्षी काढली. नंदीश दोन वर्षांचा होता. मलाही कंबरदुखीच होती. मला अजून एक मुलगी हवी होती, नाव शिवानी ठेवणार होते. घरातून दवाखान्यापर्यंत बैलगाडीनं गेलो, वाटेत चार गावं लागली. कुठं निघालात, एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही.

कागद काढत राहा, पोरी.
तुझी, आत्या