वन्संची शाल आणि पायरीखालचं पिल्लू

ती. वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. देवाच्या कृपेने इकडे सगळं ठीक. तुमचे गुडघे कसे आहेत ते कळवावं. (एकच बरा असेल तर त्याचंही कळवावं, चांगली बातमी वाया जाऊ नये.) तुमचे भाऊ मजेत आहेत, म्हणजे कुरकुरतात, पण जेवतात.

तुमचं पत्र आलं. उत्तर देण्याआधी मागच्या दारची हकिकत सांगते, नाहीतर उत्तराचा अर्थ लागायचा नाही. मागच्या पायरीखाली पोकळी आहे. तिथून पाणी मुरून स्वयंपाकघराची भिंत ओली होते, म्हणून गवंड्याला बोलावलं. तो वाकून बघतो तर आतून फिस्स! मुठीएवढं करडं मांजराचं पिल्लू, आईचा पत्ता नाही. हात घातला की ते आणखी आत सरकायचं, पार घराच्या पायापर्यंत. गवंडी म्हणाला, "वहिनी, जिवंत जीव मी चिणणार नाही. पण सोमवारी पायरी बुजली नाही तर पुढे दोन महिने मी दुसऱ्या कामावर. मग भिंत खचली तर मला नका बोलावू, देवाला बोलवा." देवाला मी रोजच बोलावते, पण त्याच्या हाती थापी कशी द्यावी?

तेव्हा सोमवारच्या आत पिल्लाचा माझ्यावर विश्वास बसायला हवा होता. पहिल्यांदा बशीत दूध ठेवलं. (दूध म्हणजे आपल्या घरातलं, पातेलं विसळून निघतं ते.) पिल्लाने हुंगलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला तुमचीच आठवण झाली. मागे माझा चहा पिताना तुम्ही असंच पाहिलं होतं. मग मनावर दगड ठेवून साय दिली. साय पिल्लाच्या पोटात गेली आणि पिल्लू पोकळीत गेलं. मग मी पायरीकडे पाठ करून जपाला बसू लागले. माळ पुढे सरकायची, चित्त मागे. पिल्लू हळूच येऊन पदराचं टोक ओढायचं, मी वळले की पसार. तुमचे भाऊ म्हणाले, "देव्हारा आत आणि भक्ती पायरीखाली. देवाला कळत नसेल असं वाटतं का तुला?"

एवढ्यात तुमची गेल्या खेपेला विसरलेली विटकरी शाल हाती लागली. एका शालीसाठी साबण कशाला भिजवा, म्हणून नुसतं ऊन दाखवायला पायरीवर टाकली. आत जाऊन येते तो पिल्लू शालीवर. पळालं नाही की फिसकारलं नाही. गुडघ्यांवर येतो तो भाग नाकाशी धरून त्याची घुरघुर चालली होती. मी शालीचं टोक मांडीवर घेतलं तर त्याच्याबरोबर पिल्लूही मांडीवर. (वास हा शब्द मी वापरत नाही. गुडघ्यांना चोळायला तुम्ही मुळ्या उकळून तेल करता, त्याचा दरवळ म्हणू.) वन्सं, मांजर आडवं गेलं की तुम्ही दारातून परत फिरता, आणि ते वेडं तुमच्यासाठी जीव टाकत होतं.

इथे माझी मती फिरली. कपडे धुऊन झाल्यावर साबणाचं पाणी उरलं. ते ओतून देववेना, म्हणून शाल त्यात बुचकळली. म्हटलं, स्वच्छ शालीत जीव आणखी रमेल. वाळल्यावर अंथरली. पिल्लाने शाल हुंगली, माझ्याकडे एकवार पाहिलं, आणि थेट पोकळीच्या टोकाला जाऊन बसलं. मग ना साय, ना जप. तुमचे भाऊ म्हणाले, "साबणाचं पाणी वाचलं, भिंत गेली."

सोमवारी गवंडी सिमेंट कालवत असतानाच तुमचं पत्र आलं. पायरीवर बसूनच उघडलं. पहिलं पान हातात राहिलं, दुसरं निसटून पोकळीच्या तोंडाशी पडलं. तेल चोळून झालं की तुम्ही लिहायला बसता, त्यामुळे पानावर बोटं उमटलेली असतात. (मी त्याबद्दल आजवर बोलले नव्हते.) आधी मिशा बाहेर आल्या, मग नाक, मग अख्खं पिल्लू येऊन पानावर बसलं. गवंडी थापी धरून तसाच उभा. मी पानाचं टोक धरून हळूहळू ओढत गेले, आणि पालखीत बसल्यासारखं पिल्लू पानावर बसून स्वयंपाकघरात आलं. पायरी बुजली. पिल्लू ओट्याखाली त्याच पानावर झोपलं आहे.

म्हणून उत्तर अर्धंच देते. पहिल्या पानावर तुम्ही तब्येत विचारली, ती ठीक. शेवटी "आणि माझी ती" एवढं आहे, पुढचं पिल्लाखाली. त्याला उठवायचा धीर होत नाही. मी हात जवळ नेला की अजून कान मागे जातात. पण आज जागचं हललं नाही.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. "ती" म्हणजे शाल असावी असा माझा कयास आहे. ह्यांच्याबरोबर पाठवत आहे. रोज गुडघ्यांवर घ्यावी, तेल लावताना हात राखू नये.

ता. क. पुढच्या महिन्यात शाल परत द्यावी. धुऊ नये.

ता. क. तुम्हीच घेऊन आलात तर फारच बरं. मांजर आडवं जायची भीती बाळगू नये. ते तुमच्या मांडीवरून उठणारच नाही.