आभाळातला काळा दोरा

रेणापूर
ता. ९ फेब्रुवारी १९८३

चि. सिंधूस आईचा जयभीम.

आम्ही इथं बरे आहोत, तुझी खुशाली कळली. पत्त्यात आता जिल्हा लातूर लिहीत जा. नवा जिल्हा होऊन किती दिवस झाले, अन् तू अजून उस्मानाबादच लिहून राहिलीस. पत्र फिरून फिरून आलं. नांदेडात मास्तरीण व्हायलाच गेलीस ना?

तू इचारलंस, रुखवताच्या बगळ्यांच्या तसबिरीत आभाळ, तळं अन् रान मी मोकळ्या टाक्यानं का भरलं. तू दिवाळीला जाळीच्या कापडाचं घर न् घर लोकरीनं भरून काढ म्हणून सांगून गेली होतीस. ऐक. आभाळाला दोन घरं सोडून तिरपा टाका घातला. आभाळ हलकं पायजे, गोधडी न्हाई ती. तळ्याला आडव्या ओळी, मधी कोरी जागा. आपल्या तळ्यात तरी पाणी कुठंय? रानाला जाळी. यंदाच्या रानात खालचं कापड दिसलंच पायजे, न्हाईतर तुझ्या सासरचे म्हणतील, ह्यांच्याकडंच कसं पिकलं.

लोकर संपली म्हणून कळवलं होतं. संपली न्हाई. पेटीत लडी पडून हायत.

मोकळ्या टाक्याची खोड वाईट. भरीव टाक्याखाली काहीबी झाकतं, ह्यात मागचं सगळं पुढून दिसतं. बगळे तू भरलेस, पाय माझ्याकडं राहिले. दोरा तोडायचा मला कंटाळा. एका बगळ्याच्या पायापासून दुसऱ्याच्या पायापर्यंत काळा दोरा मागून तसाच ओढला. आता आभाळात दोघं एकमेकाला बांधल्यावाणी दिसतात.

ते मला परवा दिसलं. परवाच.

हे पत्र माझ्या हातचं, अक्षर बघून तू ओळखलंच असशील. दिवाळीपासूनची पत्रं शेजारच्या केवळाबाईच्या उमानं लिहिली. मनगट लचकलं ते खोटं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. भरीव टाक्याला घरं मोजावी लागतात, मोकळ्याला बोट लावून भागतं. तुला कळवलं असतं तर परीक्षा टाकून माझी चूल फुंकाया आली असतीस. तुझ्या बाबांनाबी तंबी दिली होती.

लातूरला शिबिरात उजव्या डोळ्याचं आपरेशन झालं. पट्टी सोडून डॉक्टरनं डोळ्यापुढं भिंग धरलं अन् बोटं किती म्हणून इचारलं. मी म्हणलं, "बोटं राहू द्या, तुमच्या सदऱ्याची गुंडी तुटलीय." बाबा उठून दारात गेले अन् बिडी उलटी पेटवली. भिंगातून तेबी दिसलं मला.

परवा चष्मा आला. केवळाबाई म्हणती, घुबडावाणी दिसतीस. मी म्हणलं, तुझ्या तोंडावर एवढ्या सुरकुत्या हायत हे मला ठाऊकच नव्हतं. कालपासून ती बोलून न्हाई राहिली.

डाव्या डोळ्याचं पुढच्या शिबिरात बघू. तू परीक्षा दिल्याबगर येऊ नको, आलीस तर दारातून परत लावीन.

एक राहिलं. दिवाळीला तू नवं पातळ नेसून पुढं उभी राहिलीस, कसं दिसतंय म्हणालीस. मी लई छान म्हणलं. रंग कोणता होता ते मला कळलं न्हाई. तुझं तोंडबी न्हाई.

येताना तेच नेसून ये. तो दोरा मी अजून कापला न्हाई. आधी तुला उजेडात उभी करून बघते, मग कापू.

तुझी आई
सरजाबाई
(सहीबी माझ्याच हातची)